भाचीचा गेमिंग लॅपटॉप : नाव, वॉट आणि ऑक्टोबरचा उकाडा

६ सप्टेंबर २०२५, शनिवार

आज विसर्जन, त्यामुळे तलावपाळीकडे फिरकायची सोय नाही. ताई आणि भाची दुपारीच माझ्याकडे नौपाड्यात आल्या आणि काम माझ्या गळ्यात पडलं: भाचीला लॅपटॉप घ्यायचाय, गेम खेळण्यासाठीच, हे ती लपवत नाही. कॉलेजचं कामही त्यावरच होईल. ती सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज ठाण्याहून नेरुळला जाते. ताईचा आकडा सव्वा लाख, सगळं धरून. अट एकच: "पाच वर्षं तरी परत हा विषय काढायचा नाही."

सव्वा लाख ही ताईच्या घरात फार मोठी रक्कम आहे. म्हणून सगळं लिहून ठेवते आहे. कशाला हो म्हटलं आणि कशाला नाही, हे नंतर तिला दाखवता यायला हवं.

७ सप्टेंबर

आधी जुनं यंत्र पाहिलं. भावोजींचा २०१७ चा लॅपटॉप, प्रोसेसर आय७-७७००एचक्यू, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५०, त्याची मेमरी ४ जीबी. विंडोज १० वर आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय, आणि सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव सुरक्षा सोय दिली आहे, तेवढ्यावर भावोजींचं बँकेचं नि हिशोबाचं काम चालेल. त्यांच्यासाठी नवीन घ्यायची गरज नाही.

भाची खेळते काय: मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट, आणि एकटी असली की सायबरपंक २०७७. दोघांच्या मागण्या अगदी वेगळ्या आहेत. व्हॅलोरंटला ग्राफिक्स कार्ड फारसं लागत नाही, प्रोसेसर किती भराभर फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रं, तयार करतो यावर ते चालतं. सायबरपंकमध्ये सगळा भार ग्राफिक्सवर.

१० सप्टेंबर

प्रोसेसर. भाचीच्या ग्रुपमधलं सगळं बोलणं "आय सेव्हन की आय नाईन" इथे अडलेलं असतं, म्हणून हा गुंता आधी सोडवायला घेतला.

आधी एएमडीचं, म्हणजे इंटेलच्या स्पर्धक कंपनीचं, पाहू. २०२३ चा रायझन ७ ७८४०एचएस, त्यानंतरचा ८८४५एचएस आणि यंदाचा रायझन ७ २६०: तिन्हींत ८ कोअर (चिपमधले काम करणारे भाग), १६ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), आतली रचना झेन ४, कमाल वेग ५.१ गिगाहर्ट्झ. एआयसाठीच्या भागात बदल आहेत, पण खेळणाऱ्याने तिन्ही एकच समजावेत. उलट ७७३५एचएस हा नावावरून ७८४०एचएसचा धाकटा भाऊ वाटतो, पण आत झेन ३+ आहे, म्हणजे आधीची पिढी. त्या ७००० च्या मालिकेत तिसरा अंक पाहायचा. तो ४ असेल तर झेन ४, ३ असेल तर झेन ३ किंवा ३+. पहिला अंक फक्त मालिकेचं वर्ष सांगतो.

इंटेलकडेही तेच. कोअर ७ २४०एच हे नाव यंदाचं, पण आत रॅप्टर लेक ही जुनीच रचना आहे, ६ मोठे आणि ४ छोटे कोअर, म्हणजे २०२३ च्या आय७-१३६२०एचच्या घरातला. खरा नवा हवा असेल तर कोअर अल्ट्रा ७ २५५एचएक्स: ॲरो लेक ही नवी रचना, ८ अधिक १२ कोअर. हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय, काढून टाकल्यामुळे थ्रेडही २०च. आय७-१४६५०एचएक्समध्ये ८ अधिक ८ कोअर नि २४ थ्रेड, पण तो मागच्या पिढीचा.

जुन्या चिपला माझा विरोध नाही. स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्यावी. नवं नाव लावून नव्या भावात ती कुणाच्या गळ्यात मारली जाते, त्याला आहे.

भावोजींनी एक चांगला प्रश्न विचारला: १३व्या-१४व्या पिढीचे इंटेल खराब होतात ना? ते प्रकरण डेस्कटॉपच्या चिप्सचं. गेल्या वर्षी गाजलं, ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांचे, अपडेटही आले. लॅपटॉपच्या चिप्सना तो दोष लागू नाही, असं इंटेलने तेव्हाच जाहीर केलं होतं. यादीतून त्या काढायचं कारण नाही.

एक्सथ्रीडी, म्हणजे जास्तीची कॅश (चिपच्या आतली जलद मेमरी) चढवलेला रायझन ९ ९९५५एचएक्सथ्रीडी, गेमसाठी अप्रतिम. पण तो ज्या लॅपटॉपांत येतो त्यांच्या किमतीत ताईचे दोन येतील. पुढे.

१४ सप्टेंबर

ग्राफिक्स. आजची संध्याकाळ यातच गेली.

आधी एक गोष्ट भाचीला वहीत लिहायला लावली: डेस्कटॉपच्या कार्डाचं नाव आणि लॅपटॉपच्या चिपचं नाव एक असलं तरी वस्तू एक नसते. डेस्कटॉपचं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० म्हणजे ६१४४ कोअर, १२ जीबी मेमरी, २५० वॉट. लॅपटॉपचं ५०७० म्हणजे ४६०८ कोअर, ८ जीबी, आणि वीज घ्यायची मूळ मर्यादा ५० ते १०० वॉट. वीज कमी मिळाली की चिप मंद चालते. ती जे चाचण्यांचे व्हिडिओ पाहून आली होती त्यांतले बरेचसे डेस्कटॉपचे होते.

आता लॅपटॉपपुरतं. मागच्या पिढीच्या ४०६० ला ३०७२ कोअर, यंदाच्या ५०६० ला ३३२८. कोअर जेमतेम ८ टक्के जास्त. खरा बदल मेमरीत आहे: जीडीडीआर६ जाऊन जीडीडीआर७ आली, त्यामुळे बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून माहितीची ने-आण करायचा वेग, सेकंदाला २५६ जीबीवरून ३८४ जीबीवर गेली, म्हणजे दीडपट. मेमरीचा आकार मात्र होता तिथेच, ८ जीबी. ५०५० लाही ८ आणि ५०७० लाही ८. १२ जीबी हवी तर ५०७० टीआय, आणि ती ताईच्या आकड्याच्या फार पलीकडे.

यावरून माझं मत झालं, आणि ते बदलेल असं वाटत नाही: लॅपटॉपवर ५०७० घेऊ नये. कोअर वाढतात, मेमरी तेवढीच राहते, वॉटची मर्यादा ५०६० एवढीच राहते, आणि किंमत मात्र भरपूर वाढते. पाच वर्षं टिकवायचं तर आधी मेमरी अपुरी पडणार, कोअर नव्हे. मे महिन्यात आलेल्या डूम: द डार्क एजेसची किमान अटच ८ जीबी आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढणं) करणारं कार्ड अशी आहे. आज जी किमान अट आहे तीच पाच वर्षांसाठीची आपली कमाल मर्यादा, हे मनाला पटत नाही. पण या बजेटमध्ये दुसरा रस्ता नाही. मग निदान जास्तीचे पैसे तरी त्याच ८ जीबीवर घालू नयेत. ६ जीबीचा ४०५० याच कारणाने बाद.

एएमडीचं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप या किमतीत मला सापडला नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

गोखले रोडवर आणि मग मॉलमधल्या दुकानात. भाची बरोबर होती.

दुकानातला मुलगा चांगला होता, पण त्याच्याकडे सांगायला एकच वाक्य: "मॅडम, हा फिफ्टी सिरीज आहे." किती वॉटचा, ते डब्यावर नाही, किमतीच्या पाटीवर नाही, आणि त्याला कुणी सांगितलेलंही नाही. २०२१ मध्ये एनव्हिडियाने कमी विजेवरच्या चिपांना लावलं जाणारं मॅक्स-क्यू हे नाव काढून टाकलं, तेव्हापासून बारीक लॅपटॉपमधली मंद चिप आणि जाड लॅपटॉपमधली पूर्ण ताकदीची चिप यांचं नाव एकच झालं. ५०६० ची मर्यादा ४५ पासून १०० वॉटपर्यंत काहीही असू शकते, वर डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरला नको असलेली वीज ग्राफिक्सला देण्याचे, १५. म्हणजे एकाच नावाखाली दुपटीहून मोठा फरक. सव्वा लाख मोजणाऱ्या माणसाला हा आकडा विचारल्याशिवाय कळू नये, याचा मला खरंच राग येतो.

पण तो दुकानातच पाहता येतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडायचं, खाली कोपऱ्यात सिस्टिम इन्फर्मेशन, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर अशी ओळ असते. बूस्टसकट आकडा दिसतो. आम्ही मांडलेले सगळे उघडून पाहिले. एकाच काउंटरवर, शेजारी-शेजारी, दोन ५०६०: बारीक होता तो ८५ वॉट, जाड होता तो ११५. बारीक महाग होता.

दुसरी खूण अडॅप्टर. बारीक लॅपटॉपबरोबर १८० वॉटचा, जाडबरोबर २४० चा. ग्राफिक्सचे ११५, प्रोसेसरला खेळताना साठ-सत्तर, वर स्क्रीन आणि पंखे, हे धरलं तर मोठा अडॅप्टर कशासाठी आहे ते कळतं.

२२ सप्टेंबर

आजपासून जीएसटीचे नवे दर लागू. ताईचा सकाळीच फोन: "अगं, आता स्वस्त होईल ना?" नाही. मोठे टीव्ही, एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीपासून १८ वरच होता, तो तिथेच आहे. घटस्थापनेच्या जाहिरातींत टीव्ही नि लॅपटॉप एकाच चौकटीत छापतात, म्हणून हा घोळ. सूट मिळेल ती दुकानाची असेल, सरकारची नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज खरी चाचणी. ऐरोलीतल्या माझ्या ऑफिसमधल्या दोघांनी आपापले लॅपटॉप दिवसभरासाठी दिले. एक जाड: ४०६०, १४० वॉटचा, आय७-१३६५०एचएक्स. दुसरा बारीक: ५०६०, ८५ वॉटचा, कोअर ७ २४०एच. सायबरपंक, स्क्रीन १०८० पी, हाय सेटिंग, रे ट्रेसिंग बंद, डीएलएसएस (कमी पिक्सेलांत चित्र काढून एआयने मोठं करायची एनव्हिडियाची सोय) बंद, गेममधलाच बेंचमार्क, म्हणजे ठरावीक चाचणी. वीज नि तापमान मोजणारं एचडब्ल्यूइन्फो मागे चालू.

एसी लावून खोली २५ अंशांवर असताना दोघं जवळपास बरोबरीत, सेकंदाला पंच्याऐंशीच्या आसपास फ्रेम. चार-दोन इकडे-तिकडे. नवी पिढी, दीडपट बँडविड्थ, आणि कमी वॉटमुळे तो सगळा फायदा गेला.

त्याहून बोलकी गोष्ट जाड लॅपटॉपमध्ये दिसली. नावाला १४० वॉट, पण मीटर शंभर-एकशेपाचच्या पुढे जाईना. तापमान मर्यादेच्या बरंच खाली, अडॅप्टरला जागा शिल्लक, तरी नाही. ४०६० ही छोटी चिप आहे. ती शंभर वॉटच्या आसपास आपल्या व्होल्टेजच्या कमाल मर्यादेला पोचते आणि मग जास्तीची वीज तिला वापरताच येत नाही. म्हणजे वॉटचा आकडा वाचायचा तोही डोळसपणे. ४५ आणि ८५ मधला फरक खूप मोठा, ८५ आणि ११५ मधला कळण्याइतका, पण १४० चा आकडा पाहून ४०६० साठी चार पैसे जास्त द्यायचं कारण नाही. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, "मावशी, मग १४० म्हणून मिरवतात कशाला?" पोरगी योग्य ठिकाणी बोट ठेवते.

मग दुपारी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या. खोलीत ३३ अंश आणि ठाण्याची दमट हवा. भाचीच्या खोलीत एसी नाही, म्हणून मला हाच आकडा हवा होता. अर्ध्या तासात बारीक लॅपटॉपची ग्राफिक्स चिप सत्तर वॉटच्या खाली उतरली. सरासरी फ्रेम थोड्याच पडल्या, पण एक टक्का लो, म्हणजे सगळ्यात संथ फ्रेमचा आकडा, चांगलाच घसरला, आणि गाडी चालवताना मध्येच झटका बसायला लागला. कीबोर्डचा मधला भाग बोटांना चटका देत होता. जाड लॅपटॉपचा पंखा मिक्सर लावल्यासारखा ओरडत होता, पण आकडा शंभरवर टिकून होता.

हवेशी आपण भांडू शकत नाही. बाहेरची हवा ३३ ची असेल तर पंखा तीच हवा आत ओढणार. जाडी म्हणजे हवेला वाट आणि तांब्याला जागा. परदेशातल्या चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. आपल्याकडे त्यांच्या तापमानात दहा अंश मिळवूनच त्या वाचायला हव्यात.

२८ सप्टेंबर

मल्टी फ्रेम जनरेशन. ५० मालिकेचं मोठं आकर्षण: खऱ्या एका फ्रेममागे तीनपर्यंत फ्रेम चिप स्वतः तयार करून मध्ये घालते. काल बारीक लॅपटॉपवर लावून भाचीला खेळायला दिलं. मुळात साठ-सत्तर फ्रेम येत असताना ते छान वाटतं, डोळ्याला फारच गुळगुळीत. रे ट्रेसिंग चढवून मूळ आकडा तीसवर आणला, मग कोपऱ्यातला आकडा शंभराच्या वर, पण माउस हलवल्यावर हात जड. तिला न सांगता केलं होतं, तिने लगेच ओळखलं. शिवाय या सोयीला स्वतःची मेमरी लागते, आणि ती त्याच ८ जीबीतून जाते. व्हॅलोरंटमध्ये तर तिचा उपयोगच नाही.

डीएलएसएसची नवी प्रतिमा-पद्धत, जिला ट्रान्सफॉर्मर मॉडेल म्हणतात, ती मात्र जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळते. मी तिला जास्त मोल देते. बॅलन्स्ड या मधल्या पातळीवर ठेवून, थांबवलेल्या चित्रात आणि मूळ प्रतिमेत फरक शोधावा लागला.

२ ऑक्टोबर, दसरा

ताईच्या सासूबाईंचं म्हणणं, मुहूर्ताचा दिवस आहे, आजच घ्या. दुकानात ५०६० आहे, पण ८५ वाला. धनत्रयोदशीपर्यंत थांबू म्हटलं, तोही मुहूर्तच. काकूंनी मान्य केलं, आणि आपट्याची पानं मात्र लॅपटॉपच्या नावाने माझ्या हातात दिली.

५ ऑक्टोबर

वजन. जाड लॅपटॉप २.४ किलो, अडॅप्टर जवळजवळ पाऊण किलो. ठाण्याच्या १० नंबरवरून सकाळची नेरुळ लोकल पकडायची, सॅक पुढे घेऊन उभं राहायचं, ही भाचीची रोजची गोष्ट. तिच्या सॅकमध्ये तेवढ्या वजनाची पुस्तकं भरून तिला आठवडाभर न्यायला लावलं होतं. आज उत्तर मिळालं: लॅपटॉप चालेल, अडॅप्टर नको.

यावर तोडगा आहे. यूएसबी-सीवरून १०० वॉटपर्यंत चार्ज होणारा पाहायचा. कॉलेजात छोटा चार्जर, मोठा अडॅप्टर घरीच. यूएसबी-सीवर गेम नीट चालत नाहीत, कारण ग्राफिक्सला पुरेशी वीजच मिळत नाही. पण ऑटोकॅडचं काम आणि नोट्स आरामात होतात. भाची म्हणाली, कॉलेजमध्ये गेम खेळता येत नाही हे आईला सांग, ती खूश होईल. सांगितलं.

बारीक लॅपटॉपच्या बाजूने एवढाच एक मुद्दा उरला होता, तोही गेला.

११ ऑक्टोबर

शेवटची निवड दोघांत. दोन्हींत ५०६०, ११५ वॉट. एकात रायझन ७ २६० आणि १०८० पी स्क्रीन, दुसऱ्यात आय७-१४६५०एचएक्स आणि २५६० बाय १६०० ची, १६५ हर्ट्झची स्क्रीन. रायझनवाला बॅटरीवर जास्त टिकतो, हे मी वजनदार मानते, कारण एचएक्स, म्हणजे जास्त ताकदीच्या, चिपा वीज खातात. पण त्याच्या स्क्रीनचे रंग इतके फिके की गेममधली रात्र राखाडी दिसत होती. पाच वर्षं रोज पाहायची वस्तू स्क्रीन आहे.

उलट बाजू अशी की २५६० बाय १६०० म्हणजे १०८० पीच्या जवळजवळ दुप्पट पिक्सेल, आणि तो सगळा भार ८ जीबीच्या चिपवर. पण डीएलएसएस इथेच कामाला येतं: १६०० ओळींच्या स्क्रीनवर बॅलन्स्ड केलं की चिप आतून साधारण ९२८ ओळीच काढते. दुसऱ्याला हो.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

घेतला. दुकानातच पेटी उघडून चालू केला, कंट्रोल पॅनेलमध्ये ११५ पाहिलं, मग पैसे दिले. १ लाख १८ हजार. ताईने अडॅप्टरसकट सगळ्याला हळदकुंकू लावलं.

१९ ऑक्टोबर

मांडणी. मक्स स्विच, म्हणजे स्क्रीन कोणत्या ग्राफिक्सला जोडायची ते निवडायची सोय, असल्याने खेळताना स्क्रीन थेट ५०६० ला जोडली, कॉलेजसाठी वीज वाचवणारं हायब्रिड. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, दोन्ही चालू होतेच. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवली, कारण घरी तो सतत प्लगवर असेल.

मग आफ्टरबर्नर या ग्राफिक्स चिपच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये व्होल्टेजची रेषा खाली आणली. तोच वेग, कमी व्होल्टेज. दोन वेळा गेम बंद पडला तशी थोडी वर सरकवली, आता स्थिर आहे. सायबरपंकमध्ये चिप ११५ ऐवजी पंच्याण्णवच्या आसपास वीज घेते आहे आणि फ्रेममध्ये फरक जवळजवळ नाही. प्रोसेसरलाही खेळताना ५५ वॉटची मर्यादा घातली. दोन्ही चिपांच्या तांब्याच्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, प्रोसेसर थंड राहिला की ग्राफिक्सलाही मोकळीक मिळते.

२६ ऑक्टोबर

भाचीच्या खोलीत, पंख्याखाली, दुपारी तीन वाजता, ३२ अंश. सायबरपंक, पूर्ण स्क्रीन, हाय, डीएलएसएस बॅलन्स्ड: ऐंशीच्या वर फ्रेम, तासभर खेळून ग्राफिक्स ७८ अंशांवर. झटके नाहीत. व्हॅलोरंट १६५ वर रोखून ठेवलंय, पंखा जेमतेम ऐकू येतो, भाचीची आजी शेजारी झोपू शकते.

एक काम बाकी आहे. लॅपटॉपमध्ये रॅमची १६ जीबीची एकच स्टिक आहे, म्हणजे मेमरीचा एकच मार्ग चालू. त्याचा फटका व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या खेळाला आधी बसतो, सरासरीपेक्षा एक टक्का लोमध्ये जास्त. दुसरी जागा रिकामी आहे. डीडीआर५, ५६००, तेवढ्याच क्षमतेची घ्यायची. रॅमचे भाव गेल्या काही आठवड्यांत वर चढू लागलेत, त्यामुळे ताईच्या सव्वा लाखातले उरलेले सात हजार पुढच्या शनिवारी त्यावरच खर्च करायचे, उशीर करायचा नाही. खालचं झाकण उघडल्याने वॉरंटी जात नाही ना, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागवलं आहे.